आडव्या रेघेवरून पुढे

श्री. दामोदर नथू पाटील, म्हणजे जळगावच्या दोन पिढ्यांचे दामोदर सर, यांची आणि माझी पहिली ओळख त्यांनी माझ्या हातातली लेझीम काढून घेतली त्या दिवशी झाली. मी तेव्हा सहावीत होतो. मैदानावर आमचा वर्ग लेझीम खेळत होता आणि माझी लेझीम दर ठेक्याला सगळ्यांच्या मागून वाजत होती. सर माझ्यापाशी आले. आता कान पिरगाळला जाणार म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी लेझीम काढून घेतली आणि शांतपणे म्हणाले, "हात राहू दे. आधी पाय शीक." पुढचे पंधरा दिवस मी रिकाम्या हातांनी, नुसत्या पायांनी लेझीम खेळलो. मुले हसत. सर हसले नाहीत आणि त्यांनी मला रांगेतून बाहेरही काढले नाही. सोळाव्या दिवशी लेझीम परत मिळाली.

सरांच्या षष्ट्यब्दिपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या खो-खोच्या संघांबद्दल, शिस्तीबद्दल, त्यांनी घडवलेल्या खेळाडूंबद्दल लिहिणारे माझ्याहून अधिकारी लोक आहेत. मी पडलो डॉक्टर, आणि तोही खेळात सदैव शेवटचा. म्हणून मी फक्त सरांच्या चालण्याबद्दल लिहिणार आहे. गेली बारा वर्षे सरांना कंपवात आहे, हे आता गावात कुणापासून लपलेले नाही. हा आजार जडला तेव्हा त्यांच्या नोकरीची दहा वर्षे शिल्लक होती. निवृत्तीच्या दिवसापर्यंत मैदानावर स्वतःच्या पायांनी उभे राहायचे आणि शेवटच्या दिवशी शाळेतून स्वतःच्या पायांनी बाहेर पडायचे, एवढेच त्यांनी तेव्हा ठरवले होते. ते त्यांनी कसे पार पाडले याचा मी साक्षीदार आहे. सुरुवातीला मी साक्षीदार कमी आणि अडथळा जास्त होतो, हेही कबूल केले पाहिजे.

शिक्षण संपवून मी जळगावात दवाखाना काढला, त्याला वर्षही झाले नव्हते. पंधरा ऑगस्टच्या संचलनाला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. सर मुलांच्या पुढे चालत होते. आम्हाला "हात खांद्यापर्यंत!" म्हणून ओरडणारे सर, आणि त्यांचाच डावा हात कमरेला शिवल्यासारखा स्थिर होता. दुसऱ्या दिवशी मी त्यांना मुद्दाम बोलावून घेतले. ते आले, खुर्चीत बसले आणि मी काही विचारण्याआधीच म्हणाले, "सही बारीक होत चाललीय माझी. हजेरीपटावर मुंगी चालल्यासारखी दिसते. काय असेल ते सांग. साखर लावू नको."

मी सांगितले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पाय कधी जातील?"

मी म्हणालो की ते सांगता येत नाही, आणि गोळ्या लिहून दिल्या. हात थोडा सैल झाला, कंप थोडा कमी झाला. दोन-तीन वर्षे बरी गेली आणि मग ते सुरू झाले ज्याला गोळ्यांकडे उत्तर नव्हते. चालता चालता सरांचे पाय मध्येच थिजत. विशेषतः दारात, वळताना, नाहीतर कुणी घाई केली की. अंग पुढे निघे आणि पाय जागेवर राहत. अशा वेळी लोक मदतीला धावत, दंडाला धरून "चला सर, चला" म्हणत ओढत, आणि सर पडत. शाळेच्या व्हरांड्यात एकदा पडले, बसस्टँडवर एकदा पडले.

मी पुस्तकी डॉक्टर. मी सगळ्यांना बोलावून सल्ला दिला. वाटेतले सगळे सामान हलवा, जमीन मोकळी आणि सपाट ठेवा, सरांनी खाली बघू नये, समोर बघावे, आणि कुणीतरी सतत हात धरावा. घरच्यांनी बिचाऱ्यांनी घर रिकामे केले. चटया गुंडाळल्या, पाट उचलले, दाराजवळचे पायपुसणेसुद्धा काढले. आणि सर त्या मोकळ्या, सपाट घरात पूर्वीपेक्षा जास्त अडकू लागले. मला वाटले, आजार वाढतो आहे. आजार वाढत नव्हता, माझा सल्ला चुकत होता. पण हे मला कळायला सरांच्या घरात सुतक यावे लागले.

सरांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, धुळ्याकडच्या एका खेड्यातल्या. चाळीस वर्षे शहरात राहूनही त्यांनी आपली खानदेशी बोली सोडलेली नाही आणि दारातली रांगोळी एक दिवस चुकवलेली नाही. रोज सकाळी सडा, मग उंबऱ्याबाहेर चार-पाच आडव्या रेघांची साधी रांगोळी, मग चहा. त्या वर्षी सरांचे चुलतभाऊ वारले. दहा दिवसांचे सुतक आले आणि सुतकात रांगोळी काढत नाहीत. त्या दहा दिवसांत सर सकाळी दारात आले की थिजून उभे राहत. शाळेची घंटा घरापर्यंत ऐकू येई आणि ते उंबऱ्यातच. पंचवीस वर्षांत कधी उशीर न झालेला माणूस आठ दिवस उशिरा पोचला. दोन दिवस तर पोचलाच नाही. त्यांनी घरात कुणाशी बोलणे टाकले.

सुतक फिटले त्या सकाळी नऊच्या सुमारास अक्का एकट्याच माझ्या दवाखान्यात आल्या. मी घाबरलो. वाटले, सर पुन्हा पडले. त्या बाकावर न बसताच म्हणाल्या, "भाऊ, माले एक गोट सांगनी शे. हसू नका."

"सांगा ना अक्का."

"दहा दिन सुतक व्हतं, दारमा रांगोळी काढी नही. दहाना दहा दिन ह्या दारमाच अटकनात. आज रांगोळी काढी, नि ह्या बठ्ठी रांगोळी ओलांडीसन निंघी गयात! मी दखतच ऱ्हायनू."

म्हणजे रांगोळी होती तेव्हा सर बाहेर पडत होते आणि रांगोळी नव्हती तेव्हा पडत नव्हते. मी हसलो नाही, पण ऐकलेही नाही. "योगायोग असेल अक्का, सुतकाचं मनावर दडपणही असतं," असे काहीतरी डॉक्टरी सुरात बोललो आणि त्यांना वाटेला लावले. आजही ते आठवले की मला माझीच लाज वाटते.

सरांनी मात्र बायकोचे ऐकले. ते खेळाचे मास्तर. त्यांच्याकडे शर्यतींचे थांबघड्याळ होते आणि मुलांच्या नोंदी ठेवायची चाळीस पानी वही होती. त्यांनी अक्कांना सांगितले, एक दिवस रांगोळी काढ, एक दिवस पूस. अक्कांना दारातली रांगोळी मुद्दाम पुसणे अशुभ वाटे. त्या कुरकुरल्या, पण तयार झाल्या. सर दारात उभे राहून घड्याळ दाबत आणि वहीत लिहीत. दोन आठवड्यांनी ती वही माझ्या टेबलावर आली. मुंगीच्या अक्षरात डावीकडे 'रेघ', उजवीकडे 'रेघ नाही' आणि खाली वेळा. रेघ असलेल्या दिवशी सर दोन श्वासांत बाहेर होते. रेघ नसलेल्या दिवशी काही ओळींपुढे त्यांनी वेळच लिहिली नव्हती. नुसते 'परत आत' असे लिहिले होते.

"योगायोग एवढा शिस्तीत येतो का रे?" त्यांनी मला विचारले.

त्यानंतर सर मैदानावर गेले. खो-खोच्या मैदानाला फक्की मारायचे काम ते शिपायांवर कधी सोडत नसत. चुन्याची पांढरीशुभ्र सरळ रेघ हा त्यांचा अभिमान होता. शाळा सुटल्यावर त्यांनी एक लांबच लांब उभी रेघ मारली आणि तिच्यावरून चालायला सुरुवात केली. चार पावलांत थिजले. मी कठड्याशी उभा होतो. मला वाटले, संपले. सरांनी तिथेच उभे राहून खूप वेळ पायांकडे पाहिले, मग म्हणाले, "चूक माझी. अक्काची रांगोळी आडवी असते." दुसऱ्या दिवशी त्यांनी आडव्या रेघा मारल्या, एकेका पावलाच्या अंतरावर, जिन्याच्या पायऱ्या जमिनीवर निजवाव्यात तशा. आणि सर चालले. पन्नास पावले, न थांबता, हात हलवत चालले! मी लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या.

शेवटी वळायची वेळ आली आणि ते पुन्हा अडकले, कारण वळणावर रेघ नव्हती. त्यावर त्यांनी लेझीम काढली. उजव्या हातात लेझीम, दर पावलाला एक ठेका, आणि जागच्या जागी वळायचे नाही, लेझमीच्या रिंगणासारखे मोठे वळण घ्यायचे. डोळ्याला रेघ, नाहीतर कानाला ठेका. दोन्हींपैकी एक असले की पाय ऐकतात, हे त्यांनी महिनाभर रोज संध्याकाळी मैदानावर घासून घासून पक्के केले. एखाद्या दिवशी दहादा अडकत, अकराव्यांदा निघत. मी कंटाळून घरी जाई, ते राहत.

मला त्यामागचे कारण नंतर उमगले. निरोगी माणसाचे पाऊल न सांगता पडते. या आजारात ते न सांगता पडणे बंद होते, पण सांगून टाकायचे पाऊल शाबूत राहते. मी माझ्या महाविद्यालयातल्या गुरुजींना पत्र लिहिले. त्यांनी उत्तरात कळवले की परदेशातल्या डॉक्टरांनीही असे पाहिले आहे, आणि पुढे लिहिले की तुझ्या मास्तरांची वही जपून ठेव. सरांना मी हे सगळे समजावून सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आतला हुकूम बंद पडला, बाहेरचा चालतो. मग त्यात काय? मी जन्मभर बाहेरूनच हुकूम दिलेत." इतक्या वर्षांत मला या आजाराचे याहून सोपे वर्णन कुठे मिळालेले नाही.

निवृत्तीला तीन वर्षे उरली असताना शाळेकडून सरांच्या हाती एक पत्र पडले. चालताना अडखळणाऱ्या माणसाच्या ताब्यात मैदान कसे द्यायचे, अशी चर्चा व्यवस्थापक मंडळात झाली होती. शारीरिक पात्रतेचा डॉक्टरी दाखला आणा, नाहीतर मुदतीआधी निवृत्ती घ्या, असे त्या पत्रात होते. भाषा सभ्य होती. मंडळाचे अध्यक्ष शेठजी हे कापडाच्या पेढीचे मालक. त्यांचे आजोबा राजस्थानातून इकडे आलेले. ते वाईट गृहस्थ मुळीच नव्हते. त्यांना खरोखर वाटत होते की मास्तरांना आता विश्रांती द्यावी. दयेने काढून टाकलेल्या माणसाला भांडायलाही जागा राहत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते, एवढेच.

सर पत्र घेऊन माझ्याकडे आले. मी गुरुभक्तीच्या भरात लगेच कागद ओढला. "पूर्ण तंदुरुस्त असं लिहून देतो सर. बघू कोण काय करतं ते."

"खोटं लिहिलंस तर पुन्हा तुझ्या दवाखान्यात येणार नाही," सर म्हणाले.

"मग काय लिहू? अपात्र?"

"तेही खोटंच होईल. जे दिसतं ते लिही. मला मेहेरबानीवर ठेवलेलं नको आणि मेहेरबानीने घालवलेलंही नको. शाळेतून जाईन तो माझ्या दिवशी, चालत जाईन." आवाज आजाराने बारीक झाला होता, पण मी पुन्हा सहावीत गेलो. लेखणी खाली ठेवली आणि दाखला मंडळासमोरच लिहीन असे कळवून टाकले.

सभा शाळेच्या नव्या सभागृहात होती. सरांनी त्या सभागृहात तोवर पाऊल टाकलेले नव्हते, आणि आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आले नाही की तिथली जमीन कशी आहे ते आधी बघून यावे. दार उघडले आणि मी मनात कपाळाला हात लावला. सगळीकडे नवा लाल कोबा, घोटून गुळगुळीत केलेला, त्यावर ना रेघ ना सांधा. दारापासून दहा-बारा पावलांवर टेबल, टेबलापलीकडे मंडळाचे सगळे सभासद. शेठजी हसून म्हणाले, "या मास्तरजी, इकडे खुर्चीवर बसा, मग बोलू."

सर दारात थिजले.

लेझीम घरी राहिली होती. सभेला ती कशी न्यायची म्हणून त्यांनीच ठेवून दिली होती. मी पाहिले, त्यांचे ओठ हलत होते. ते स्वतःलाच मोजून देत होते, एक-दोन, एक-दोन, पण आजाराने बारीक झालेला आवाज कानाला ठेका देण्याइतका उमटत नव्हता. टाचा उचलून उचलून जागेवरच कापत होत्या. सगळे सभागृह ते बघत होते. मुख्याध्यापक उठून त्यांचा दंड धरायला निघाले. सरांनी मान हलवली. "हात लावू नका." मुख्याध्यापक जागीच थांबले. शेठजींनी खाली बघितले. त्या मंडळींच्या मनात निकाल लागलेला मला दिसत होता. रेघ, रेघ, इथे रेघ कुठून आणू, एवढेच डोक्यात घुमत होते.

सर माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "डॉक्टर, माझ्यापुढे पाय घाल. आडवा."

मला वाटले, मी चुकीचे ऐकले. चुकून पाय लागला तर हात लावून कपाळाला लावणारी आमची माणसे. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करतो. आणि मी माझ्या गुरूंच्या वाटेत, भरसभेत, पाय आडवा घालायचा?

"घाल म्हणतो ना," सर म्हणाले, "तू रेघ हो."

मी बूट काढला. मोजाही काढला. त्या गार कोब्यावर सरांच्या पावलांपुढे माझा उघडा पाय आडवा ठेवला. शेठजी ताडकन उठून ओरडले, "अहो डॉक्टरसाब, हे काय करता? मास्तरजींना पाडता की काय!" कुणीतरी "अरे अरे" म्हणाले. सरांनी माझ्या पायाकडे पाहिले. उजवे पाऊल उचलले, चांगले उंच उचलले, माझ्या पायावरून पलीकडे टाकले, आणि मग दुसरे, आणि मग तिसरे. हात हलवत, मान वर करून, पावले कोब्यावर ठेक्यात आपटत ते टेबलापर्यंत गेले. खुर्चीत बसले आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसले. मी दारात एका पायात बूट घालून उभा होतो आणि माझे डोळे वाहत होते. त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही, आताही वाटत नाही.

मग सर बोलले. हळू आवाजात, पण सगळ्यांना पुढे वाकून ऐकावे लागले म्हणूनच कदाचित, सगळ्यांनी नीट ऐकले. आपल्याला काय येते आणि काय येत नाही हे त्यांनी वहीसकट सांगितले. मी तिथेच बसून दाखला लिहिला. त्यातली वाक्ये मला पाठ आहेत. "श्री. पाटील यांना कंपवात आहे. पायापुढे आडवी खूण किंवा कानावर ठेका असला की ते चालतात, आणि इतरांना चालवतातही. व्यायामशिक्षकाच्या कामास पात्र." शेठजींनी तो दोनदा वाचला आणि विचारले, "पण मास्तरजी, रोज ही खूण ठेवणार कोण?"

"फक्की मी रोजच मारतो, शेठजी," सर म्हणाले. "मुलांना खो-खोला लागतेच."

शेठजी हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते स्वतः मैदानावर येऊन उभे राहिले. सरांनी मुलांकडून लेझीम करून घेतली, रांगा फिरवल्या, खो-खोचा डाव चालवला. तास संपल्यावर शेठजींनी कुणाला न विचारता शिपायाला चुना कालवायला सांगितले आणि व्हरांड्यात, जिन्यापाशी, शिक्षकांच्या खोलीच्या दारात आडवे पट्टे ओढून घेतले. सभागृहाच्या कोब्यावरही ओढले. ते पट्टे सर निवृत्त झाल्यावरही दर सुटीत नव्याने ओढले जातात.

पाय घालायची ही युक्ती सरांना सुचली कुठे, हे मी सभेच्या दिवशी संध्याकाळी सरांच्या घरी विचारले. अक्काच पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "बाहेर सांगू नका, भाऊ. लोके म्हनतीन, बाई नवराले पाय आडा घालस." गेले वर्षभर त्या स्वयंपाकघराच्या दारात सर अडकले की पाय घालत होत्या, आणि सर पलीकडे गेले की त्यांना नमस्कार करत होत्या. इतक्या वर्षांनी आज मी बाहेर सांगतो आहे, ते अक्कांच्या परवानगीने.

सर त्यांच्या दिवशी निवृत्त झाले. मिरवणुकीसाठी आणलेल्या फुलांनी सजवलेल्या टांग्यात बसायला त्यांनी नकार दिला आणि ते शाळेच्या फाटकातून चालत बाहेर पडले. मुले लेझीम वाजवत पुढे होती, त्यांच्या ठेक्यावर सर चालत होते, आणि टांगा रिकामाच मागून आला.

निवृत्तीनंतर सरांनी जे केले ते कुणी त्यांना सांगितले नव्हते. माझ्याकडे कंपवाताचा रुग्ण आला की मी सरांना निरोप धाडू लागलो. सावद्याचे एक केळीबागायतदार आले, सत्तरीचे. म्हणाले, "सर, बागात मी दिवसभर फिरतो, काही होत नाही. घरात आलो की पाय जमिनीले चिकटून जातात. घरचे म्हनतात, म्हातारा सोंग करू राह्यला." सर एसटीने सावद्याला गेले. आधी बागेत गेले. दोन झाडांमधल्या पाण्याच्या आडव्या सऱ्या बघितल्या आणि त्या ओलांडत चालणारे म्हातारबाबा बघितले. मग घरी येऊन त्यांनी केळीच्या खोडाचे वाळके सोपट फाडून त्याच्या पट्ट्या माजघरात आडव्या चिकटवल्या. बाबा चालत चुलीपर्यंत गेले. सून रडली, कारण सोंग म्हणणाऱ्यांत तीही होती. सर तिला रागावले नाहीत. "आता तुम्हीच यांच्या मास्तर. रोज पट्ट्या तपासायच्या," एवढे काम तिला लावून आले.

सगळीकडे यश येते असेही नाही. धुळ्याच्या एका गृहस्थांना ना रेघ उपयोगी पडली ना ठेका. सर तिथे चार वेळा गेले. चौथ्या वेळी त्यांनी काहीच करून बघितले नाही. त्या गृहस्थांशेजारी दुपारभर बसले, मुलांच्या सामन्यांच्या गोष्टी सांगितल्या आणि परतले. मी म्हणालो, सर, एवढी दगदग कशाला? ते म्हणाले, "पाय निघत नाहीत त्याच्याकडे कुणीतरी चालत जावं लागतं."

गौरवलेखात दोष लिहायचे नसतात, पण सरांनीच मला खोटे दाखले लिहू नको म्हणून बजावले आहे. सर हट्टी आहेत. गोळीची वेळ टाळतात, मुंबईहून मागवलेल्या नव्या औषधाला 'तुझी भानगड' म्हणतात, मी चालताना पाय ओढतो म्हणून मला भर रस्त्यात टोकतात. मेहरूणच्या तलावाकडे रोज सकाळी लेझीम वाजवत फिरायला जातात. तिथल्या एका गृहस्थांनी झोपमोड होते अशी तक्रार केली, तर सर त्यांनाच बरोबर घेऊन फिरू लागले. अक्का म्हणतात की या माणसाला आजार झाला नाही, आजाराला हा माणूस झाला आहे.

साठीच्या निमित्ताने निरोगी आयुष्य चिंतायची रीत आहे. डॉक्टर म्हणून मला ती पाळता येत नाही. हा आजार जाणारा नाही, तो वर्षागणिक थोडा पुढे सरकतो आहे, आणि हे सर माझ्याइतकेच जाणतात. म्हणून मी सरांना दीर्घ आयुष्य चिंततो, आणि त्यातल्या प्रत्येक सकाळी त्यांना स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडता यावे, एवढे मागतो. आताशा दुपारी गोळीचा जोर उतरला की रेघही कधी कधी पुरत नाही. मी दर गुरुवारी दुपारी त्यांच्या घरी जातो. ते दारात उभे असतात. मी चपला काढतो आणि त्यांच्यापुढे पाय आडवा घालतो. सर तो ओलांडून बाहेर येतात. मग मी वाकून त्यांच्या पायांना हात लावतो. हा क्रम पुढची पंचवीस वर्षे असाच चालावा. पाय घालायला मी येत राहीन.